काटा साठवर

त्याला सगळे गिअरमामा म्हणायचे. भाची लहानपणी गॅरेजात येऊन 'मामा, मामा' करत हिंडायची. ते गिऱ्हाइकांनी उचललं, आणि गिअरच्या कामात हात धरणारा कुणी नाही म्हणून पुढे गिअर चिकटलं. आता साठी उलटली तरी म्हातारेसुद्धा त्याला मामाच म्हणतात. माणूस हाताचा सोन्यासारखा, तोंडाचा मात्र बढाईखोर. आणि एक वाक्य वेळेवर बोलायचं सोडून बाकी सगळं बोलणारा. त्या एका वाक्यापायी जे झालं तेच सांगायचंय.

त्याची खासियत म्हणजे म्हाताऱ्या गाड्यांची ओढ वाढवणं. ओढ म्हणजे गाडीची जड ओझं खेचायची ताकद. नवं इंजिन घालायची ऐपत नसलेले लोक त्याच्याकडे यायचे. तो आधी फुकटातली कामं काढायचा. प्लग साफ, हवेची जाळी बदल, कार्बोरेटर धू, टायमिंग लाव. "अर्धी ओढ कचऱ्यात अडकलेली असते," म्हणायचा. एवढ्याने भागलं नाही तर मग त्याचा हुकमी एक्का निघायचा. मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलमध्ये क्राउन-पिनियन असतं, म्हणजे दातांची दोन चाकं. भंगार बाजारातून दुसऱ्या दातांची जोडी शोधून आणायची आणि बसवायची. इंजिन तेच, पण चाकं कमी फिरतात आणि जास्त खेचतात. सायकलचा चढावरचा गिअर असतो ना, तसंच.

आता ह्यात एक मेख आहे. क्राउन-पिनियन बदललं की वेगाचा काटा खोटं बोलायला लागतो. कारण काट्याला खबर देणारी वायर गिअरबॉक्समधून निघते, आणि बदल तर तिच्या मागे झालेला असतो. गाडी सत्तेचाळीसने चालली असली तरी काटा साठ दाखवतो. ते दुरुस्त करायला गिअरबॉक्सच्या शेपटीतलं एक चिमुकलं प्लॅस्टिकचं चाक बदलावं लागतं. अंगठ्याएवढं असेल, पण जुन्या गाडीचं ते मिळता मिळत नाही.

मामा ते बदलायचाच नाही. सुरुवातीला मिळालं नाही म्हणून राहिलं, मग एक गंमत त्याच्या लक्षात आली. गिऱ्हाईक गाडी घेऊन जायचं, फेरी मारून यायचं आणि डोळे विस्फारून म्हणायचं, "मामा, काय जादू केलीत हो! ओढ तर वाढलीच, वर गाडी पळायलाही लागली!" मामा गालातल्या गालात हसायचा. गाडी कसली पळतेय, काटा पळतोय! पण फुकटची शाबासकी कुणाला नको असते? गिऱ्हाईकही खूश, मामाही खूश. तोटा कुणाचाच नाही, असं तो स्वतःला सांगायचा. इतकी वर्षं सांगितलं की ते त्याला खरंच वाटायला लागलं.

त्याची थोरली बहीण आणि भाऊजी मधमाश्या पाळायचे. बेचाळीस पेट्या. घराभोवतालच्या बागांचा बहर संपला की पेट्या ट्रेलरवर लादायच्या, घाट चढायचा आणि पलीकडच्या सपाटीवर सूर्यफुलांच्या शेतांत नेऊन मांडायच्या. गाडी चालवायची ताई. भाऊजींना ड्रायव्हिंग कधी जमलंच नाही. माश्या मात्र त्यांच्या. हातमोजे न घालता पेटी उघडायचे आणि पोरांना दटावावं तसं माश्यांशी बोलायचे.

गाडी म्हणजे पेट्रोलवर चालणारी जुनी पिकअप, ताईच्या लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी घेतलेली. घाटात ती बेचाळीस पेट्या ओढायची नाही. एकवीस-एकवीस करून दोन खेपा व्हायच्या, दुसरी खेप जाईपर्यंत पहिल्या शेतातली फुलं अर्धी सरायची. त्या वर्षी ताई गॅरेजात येऊन बाकावर टेकली आणि म्हणाली, "धाकट्या, जगाच्या गाड्यांना ओढ लावतोस. बहिणीच्या गाडीनं काय घोडं मारलंय?"

"तू बोललीस कधी?"

"बोलायला कशाला हवं? डोळे नाहीत तुला?"

भाऊजी मागून बारीक आवाजात म्हणाले, "मेव्हणे, ओढीचं बघाच. पण ह्यांचा आवाज कमी करणारं एखादं चाक मिळालं तर तेही बसवा."

"तुम्ही गप्प बसा हो," ताई म्हणाली, आणि तिघंही हसले. नवरा-बायकोचं असंच होतं. दिवसभर एकमेकांना टोचायचं आणि संध्याकाळी एकाच ताटलीतल्या शेंगा सोलत बसायचं.

मामाने त्या गाडीवर जीव ओतला, खोटं कशाला बोला. व्हॉल्व्ह लावले, रेडिएटर उतरवून धुतला, मागचे खचलेले स्प्रिंगचे पाटे बदलले. ओढ वाढली की थांबायची ताकदही हवी, म्हणून ट्रेलरला एका मोडीत निघालेल्या गाडीचे ब्रेक जोडून दिले. क्राउन-पिनियनसाठी भंगार बाजारात तीन दिवस चिखल तुडवला आणि हवे तेवढे दात असलेली जोडी शोधून काढली. शेवटी ट्रेलरवर दगड भरून गाडी गावाबाहेरच्या चढावर घातली. गाडी कुरकुर न करता वर गेली. ताई स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाली, "अगं बाई! ही माझीच गाडी का?"

काट्याचं ते चिमुकलं चाक राहिलं. मामाच्या ध्यानात नव्हतं असं नाही. चांगलं ध्यानात होतं. पण ताई काट्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि चढावरसुद्धा पळतेय बघ!" तिचा चेहरा असा फुलला होता की त्याला सांगवेना. खरं म्हणजे सांगवेना असं नाही, सांगायचंच नव्हतं. थोरल्या बहिणीची शाबासकी त्याला जन्मात कितीदा मिळाली असेल?

वर शहाणपणाचा सल्लाही दिला त्याने. "ट्रेलर आहे मागे, सपाटीवर साठच्या वर नेऊ नकोस. काटा साठवर ठेव. पाचला घाट उतरलीस की नऊला शेतावर."

"इंजिन जरा ओरडतंय का रे?"

"ओरडू दे. ओढ वाढली म्हणजे ओरडणारच."

ताईने तो सल्ला अक्षरशः पाळला. पेट्यांची तोंडं बंद असतात तेव्हा वेळेला फार किंमत असते. सकाळी नऊ-साडेनऊच्या आत पेट्या उतरवून तोंडं उघडली नाहीत तर आतला उकाडा वाढतो, मेण मऊ पडतं आणि माश्या आपल्याच मधात बुडून मरतात. हे ताईला माहीत होतं, भाऊजींना माहीत होतं, आणि मामालाही पुरतं माहीत होतं.

घाट त्यांनी हसत ओलांडला, पाचला खाली उतरले. पुढे सपाट रस्ता, पण तो रुंद करायचं काम चाललेलं. खुणेची झाडं तोडलेली, मैलांचे दगड उखडलेले. गाडीतला किलोमीटरचा आकडा कित्येक वर्षं एका जागी अडकलेला, घड्याळ दोघांच्याही हाताला नाही, भाऊजींकडे फोन नाही आणि ताईच्या फोनने वाटेत मान टाकलेली. म्हणजे भरवसा एकट्या काट्यावर. तो तिने साठवर असा धरून ठेवला की रेघभर पुढे नाही, मागे नाही.

ऊन वर आलं तेव्हा भाऊजी म्हणाले, "वेळेत आहोत. पाच मिनिटं थांबू, चहा घेऊ. तुझे डोळे मिटायला लागलेत." ताईला ते पटलं. टपरीपाशी गाडी लावून तिने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि तिला डुलकी लागली. भाऊजींनी चहा घेतला, तिच्यासाठी एक गाडीत आणला, तिला उठवलं. "किती वेळ झाला?" तिने विचारलं. "वीस मिनिटं. टपरीतल्या घड्याळात बघितलं मी." पुन्हा काटा साठवर, पुन्हा रस्ता. पण शेत काही येईना. मागच्या पेट्यांचा आवाज बदलला, आधी वाढला आणि मग एकेक पेटी गप्प व्हायला लागली. शेतावर पोचले तेव्हा शेतमालकाच्या घड्याळात सव्वादहा झाले होते. बेचाळीसपैकी अकरा पेट्या वाचल्या.

दुपारी शेतमालकाच्या फोनवरून ताईने मामाला फोन केला. ती रडत नव्हती, संतापलेली होती. "यांनी चहा पिऊन माझ्या माश्या मारल्या, धाकट्या! वीस मिनिटं म्हणतात. नऊला पोचायचं ते सव्वादहाला पोचलो. सरळ हिशेब आहे. सव्वा तास टपरीवर गप्पा मारत बसले आणि मला झोपलेली बघून वीस मिनिटं सांगितली!"

मागून भाऊजींचा आवाज आला, "वीसच मिनिटं गं. घड्याळात बघितलं मी."

"टपरीतली घड्याळं बंदच असतात!"

मामाच्या हातात पाना होता. तो त्याने खाली ठेवला. पूर्वीच्या जोडीचे दात, आताच्या जोडीचे दात, साठचे सत्तेचाळीस. डोक्यात आकडा पडायला त्याला फोन ठेवण्याइतकाही वेळ लागला नाही. तासभर काट्याने खाल्ला होता. भाऊजी खरं बोलत होते आणि ते खरं असल्याचं जगात एकट्या मामाला ठाऊक होतं. 'ताई, काटा खोटा आहे,' एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. त्याऐवजी तो म्हणाला, "जाऊ दे ताई, झालं ते झालं. तू आधी पाणी पी."

पुढचं त्याने केलं ते मात्र चुकीच्या पलीकडचं होतं. गाडी परत आल्यावर तो म्हणाला, "ठेवून जा, तेलपाणी बघतो." इतकी वर्षं न मिळणारं ते चिमुकलं चाक त्याला दोन दिवसांत मिळालं! मनावर घेतलं तर काय मिळत नाही! गॅरेजचं दार ओढून त्याने ते बसवलं, काटा खरा केला आणि गाडी पुसून परत दिली. ताई म्हणाली, "पहिल्यासारखी पळत नाही रे आता." तो म्हणाला, "जुनी आहे, ताई. थकली असेल." बायकोला मात्र त्या दिवशी काहीतरी वास लागला. जेवताना तिने विचारलं, "तुमचं काही बिनसलंय का?" तो म्हणाला, "भूक नाही."

मामा दुष्ट नव्हता. म्हणूनच तर ही गोष्ट जास्त टोचते. दुष्ट माणूस निदान निर्धास्त झोपतो. हा दर रविवारी ठरवायचा, आज जाऊन सांगायचं. जायचा, बसायचा आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारून यायचा. एकदा तर पायऱ्यांवरच वाक्य पाठ करून गेला. दार उघडल्या उघडल्या ताई म्हणाली, "बरं झालं आलास, नळ गळतोय." नळ दुरुस्त करून तो घरी आला.

अकरा पेट्यांवरून पुन्हा उभं राहणं काही जमलं नाही. दोघांनी तीन वर्षं रेटून बघितलं, मग उरलेल्या पेट्या दुसऱ्याला दिल्या. ताई शाळेची पोरं ने-आण करणारी गाडी चालवायला लागली. भाऊजी एका गोदामात नोंदी ठेवायचे. आणि त्या घरात चहा हा विषय होऊन बसला. चारचौघांत कुणी भाऊजींना 'चहा घेणार?' विचारलं की ताई म्हणायची, "विचारू नका हो, सव्वा तास लागतो त्यांना." लोक हसायचे. पहिली दोन वर्षं भाऊजी म्हणायचे, "वीस मिनिटं." मग ते नुसतं हसायला लागले. मग त्यांनी बाहेर चहा घेणंच सोडलं. ताईचा तो टोमणा पूर्वीसारखा थट्टेचा राहिला नव्हता, त्याला धार आली होती. खोटं बोलणारा नवरा, असं तिच्या मनात घर करून बसलं होतं. माश्यांपेक्षा तिला तेच जास्त लागलं होतं. "चुकलं म्हणाले असते तर मी एका दिवसात विसरले असते," ती मामाला सांगायची. "पण माझ्या तोंडावर खोटं? तीस वर्षांत कधी बोलले नव्हते रे." आणि मामाच्या समोरच्या कपातला चहा गार व्हायचा.

सहाव्या वर्षी भाऊजींच्या छातीचं दुखणं निघालं. रुग्णालयात खाटेवर ते इतके लहान दिसत होते की मामाला आधी ओळखूच आले नाहीत. ताई औषधं आणायला खाली गेली होती. खोलीत दोघंच. ह्याहून चांगली वेळ येणार नव्हती, हे मामाला कळत होतं. त्याने स्टूल पुढे ओढलं. पण आधी भाऊजीच बोलले.

"मेव्हणे, एक विचारू? हसणार नाही ना?"

"विचारा ना."

"त्या दिवशी टपरीतलं घड्याळ बघितलं होतं मी. जाताना आणि येताना. आठला गेलो, आठ वीसला निघालो. मला काटे दिसतात अजून डोळ्यांपुढे." त्यांना धाप लागली. थोडं थांबून म्हणाले, "पण हल्ली वाटतं, नसेलही बघितलं. बसलोही असेन तासभर. ही एवढं ठामपणे म्हणते म्हणजे तसंच असेल. माणूस स्वतःलाच फसवतो कधीकधी, नाही का?"

देवाशपथ, मामाने तोंड उघडलं होतं. "भाऊजी," एवढं म्हणालासुद्धा. तेवढ्यात दारात ताईच्या चपला वाजल्या. तो म्हणाला, "जाऊ द्या हो, भाऊजी. आता त्याचं काय." भाऊजींनी मान हलवली. चार दिवसांनी ते गेले, आपण खोटं बोललो असू असं मानून गेले.

त्यानंतर एक वर्ष मामाने काढलं. गॅरेजात लक्ष लागेना. क्राउन-पिनियनचं काम आलं की तो 'दुसरीकडे जा' म्हणायचा, लोक म्हणायचे मामा म्हातारा झाला.

एका दुपारी ताईकडे गेला तर ती भाऊजींचं कपाट आवरत होती. खाटेवर शर्टांची चळत. त्याला बघून म्हणाली, "बस." मग हातातल्या शर्टाची घडी मोडून पुन्हा घालत म्हणाली, "धाकट्या, खरं सांग. मी त्यांना त्या चहावरून फार बोलले का रे?"

तो चळतीतला वरचा शर्ट सारखा करत राहिला.

"तुझी भाची म्हणते, आई, तू बाबांना शेवटपर्यंत सोडलं नाहीस. पण मी काय चूक होते? हिशेब तर सरळ होता. तूच सांगितलं होतंस, साठवर ठेव, नऊला पोचशील. तू सांग म्हणजे माझं मन शांत होईल. मी बरोबर होते ना?"

तिला 'हो' हवं होतं. 'हो' म्हणाला असता तर ती सुखाने झोपली असती, आणि तो पुन्हा एकदा सुटला असता. पण त्याच्याने आता ते ओझं उचलवेना. तो म्हणाला, "काटा खोटा होता, ताई." आणि मग धरण फुटावं तसं सगळं सांगून टाकलं. दात, ते चिमुकलं चाक, गिऱ्हाइकांची शाबासकी, तिचा चढावरचा फुललेला चेहरा, नंतर दार ओढून केलेली दुरुस्ती. रुग्णालयातलं बोलणंही सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. सांगताना तो रडत होता आणि खरं सांगायचं तर सहा-सात वर्षांत पहिल्यांदा त्याच्या छातीवरचा दगड हलत होता.

ताईने सगळं ऐकून घेतलं. ती ओरडेल, हातातलं फेकून मारेल, घराबाहेर काढेल, अशी त्याची तयारी होती. ते सगळं त्याने सोसलं असतं.

"म्हणजे वीस मिनिटं," ती म्हणाली.

"हो."

"ते खरं बोलत होते."

"हो, ताई."

"आणि तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

त्याने मान खाली घातली. ताईने शर्टाच्या कॉलरवरून बोट फिरवलं, बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"त्यांना नाही सांगितलंस. तिथे त्यांच्या उशाशी बसला होतास, तेव्हा नाही सांगितलंस." तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव विचारावा इतका साधा. "मग मला कशाला सांगितलंस आता?"

"माफी मागायला, ताई."

"तुझं बरं आहे," ती म्हणाली. "तुला मागायला मी आहे. मी कुणाकडे जाऊ?"

ती वाट बघत त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. खरंच तो काही सांगेल, काही उपाय काढेल, जुन्या गाड्यांना काढायचा तसा, असं तिला क्षणभर वाटलं असावं. मग तिने शर्ट छातीशी धरला आणि भिंतीकडे तोंड करून ती आडवी झाली. मामा दार लोटून घेऊन बाहेर पायरीवर येऊन बसला. मग आतून तिचं रडणं ऐकू आलं, आणि ते ऐकत तिथेच बसून राहण्यापलीकडे त्याला काही करता आलं नाही.